सकाळची मटकी, संध्याकाळी अख्खी

«डॉक्टरबाई, नमस्कार. नाव छापू नका, मंगळवार पेठेतली एक बाई एवढंच लिहा. आमच्या ह्यांचं वय ५६. शुगर १८ वर्षं आहे. सात वर्षं इन्शुलिन चालू आहे, सकाळी नाष्ट्याआधी आणि रात्री जेवणाआधी. मार्केट यार्डात गुळाचा व्यापार. तरुणपणी तालमीत होते, चार भाकरी सहज मोडायचे. आता अर्ध्या भाकरीतच हात धुतात, पोट गच्च झालं म्हणतात. दिवसभर करपट ढेकर. गेल्या रविवारी सकाळी नऊला मित्रांबरोबर मिसळ खाल्ली. संध्याकाळी सातला उलटी झाली, त्यात मटकीचे दाणे अख्खेच्या अख्खे. मी स्वतः पाहिले. शुगरचंही काही कळत नाही. रात्री आठला जेवतात, साडेनऊला घाम फुटतो, हात थरथरतात, मशीनवर ५८. आणि पहाटे तीनला बघावं तर ३१२. हे म्हणतात पित्त आहे. दीड वर्ष मेडिकलमधून रिकाम्या पोटी घ्यायची कॅप्सूल आणून घेतात, वर सोडा पितात. सासूबाई म्हणतात नजर लागली. आता ह्यांनी धरलंय की जेवल्यावर शुगर उतरते म्हणजे इन्शुलिन जास्त होतंय, ते बंदच करतो. मी आहारतज्ज्ञांनी सांगितलं तसं सगळं करते. मोड आलेली कडधान्यं, कोशिंबीर, कोंड्यासकट पोळी, मेथी, गवार. माझं कुठं चुकतंय का? आणि रविवारची मिसळ कायमची बंद करायची का? ते एकदा लिहा, म्हणजे घरातलं भांडण मिटेल.»

ताई, मटकीचे दाणे अख्खे होते हे तुम्ही पाहिलंत आणि लिहिलंत, म्हणून निम्मं काम झालं. बहुतेक माणसं नुसतं «उलटी झाली» म्हणतात आणि समोरचा डॉक्टरही कसली झाली ते विचारत नाही. मीही विचारत नव्हते.

माझी ती फजिती आधी सांगते. प्रॅक्टिसच्या सुरुवातीच्या वर्षांत एक शिक्षिका माझ्याकडे यायच्या. जुनी शुगर, सडसडीत बांधा, आणि तक्रार नेहमीची: मळमळ, पोट फुगणं, जेवण नकोसं होणं. आठ महिने मी त्यांना पित्ताच्या गोळ्या बदलून बदलून दिल्या. एका मंगळवारी सकाळी त्या दवाखान्यात आल्या आणि नंबर लागायच्या आधीच बाकाजवळ उलटी झाली. फरशी पुसणारी मावशी मला हाक मारून म्हणाली, «बाई, हे बघा, शेंगदाणे.» साबुदाण्याच्या खिचडीतले भाजके शेंगदाणे, अर्धेमुर्धे, अगदी ओळखू येतील असे. मी विचारलं, आज उपास? त्या म्हणाल्या, नाही, काल सोमवार होता ना. म्हणजे काल दुपारची खिचडी आज सकाळी नऊपर्यंत पोटातच होती. ॲसिड कमी करायच्या गोळीने ती पुढे सरकणार कशी? निदान मावशीने केलं, मी नुसतं लिहून घेतलं.

तर तुमच्या ह्यांना बहुतेक तेच आहे. «बहुतेक» म्हणते, कारण पत्रावरून निदान होत नाही. तपासण्यांचं पुढे सांगतेच. पण त्याआधी एक गोष्ट, आणि ती त्यांना आजच वाचून दाखवा: इन्शुलिन स्वतःच्या मनाने बंद करायचं नाही. चूक इन्शुलिनची नाही, वेळेची आहे. ती कशी, ते कळण्यासाठी आधी पोट काय काम करतं ते बघू.

मालक गुळाच्या धंद्यात आहेत, तेव्हा त्यांच्याच भाषेत सांगते. जठर म्हणजे नुसती पिशवी नव्हे, ते गुऱ्हाळ आहे. वरचा भाग सैल होऊन अन्न साठवतो. खालचा भाग चरकासारखा ते दळतो, दोनेक मिलिमीटरपेक्षा बारीक होईपर्यंत दळतो, आणि मगच शेवटचं दार किलकिलं करून थोडं थोडं आतड्यात सोडतो. या दळणाला ठेका असतो, मिनिटाला साधारण तीन लाटा. हा ठेका धरणाऱ्या खास पेशी जठराच्या भिंतीत असतात. त्यांना काहाल पेशी म्हणतात, १९०६ साली नोबेल मिळालेल्या काहाल या स्पॅनिश शास्त्रज्ञाच्या नावावरून. आणि या सगळ्यावर देखरेख व्हेगस नावाच्या नसेची. ती मेंदूतून निघते, मानेतून आणि छातीतून खाली उतरून पोटापर्यंत येते. गुऱ्हाळावर गुळव्या असतो ना, कधी जाळ वाढवायचा आणि कधी काहील उतरवायची हे सांगणारा, तशी ही नस.

वर्षानुवर्षं शुगर चढी राहिली की नसा खराब होतात, त्यांना रक्त पुरवणाऱ्या बारीक वाहिन्याही खराब होतात. लांब नसांना आधी मार बसतो. म्हणून बहुतेकांना सुरुवात पायाच्या बोटांपासून होते: मुंग्या येतात, आग होते, चप्पल निसटली तरी कळत नाही. मेंदूतून निघणाऱ्या नसांमध्ये व्हेगस सगळ्यांत लांब, तीही सुटत नाही. तिच्याबरोबर त्या काहाल पेशीही कमी होतात. मग चरक शाबूत, काहील शाबूत, पण गुळव्याचा आवाज कुणाला ऐकूच येत नाही. पातळ पदार्थ वजनाने कसाबसा पुढे जातो, घट्ट पदार्थ मात्र तिथेच बसून राहतो. डॉक्टरी भाषेत याला गॅस्ट्रोपॅरेसिस म्हणतात. शब्दाचा अर्थ जठराचा अर्धवट लकवा असा होतो, पण त्याने घाबरून जाऊ नका. पोट काम करतं, हळू करतं.

आता साडेनऊची ५८ आणि पहाटेची ३१२. मालक पावणेआठला इन्शुलिन टोचतात, आठला जेवतात. इन्शुलिन आपल्या वेळेवर कामाला लागतं, पण भाकरी अजून जठरातच आहे. रक्तात साखर आलेलीच नाही आणि ती ओढून घेणारं औषध मात्र हजर. म्हणून घाम, थरथर, ५८. मग तुम्ही घाबरून काहीतरी गोड देता. मध्यरात्रीनंतर अन्न एकदाचं आतड्यात उतरतं, वर ते गोडही जमा होतं, आणि तोवर इन्शुलिनचा जोर ओसरलेला असतो. म्हणून ३१२. ट्रक यार्डात पोचायच्या आधी हमाल येऊन निघून गेले, तसा हा प्रकार. यात आणखी एक मेख आहे: चढलेली शुगर स्वतःच जठर मंद करते. म्हणजे रात्रीची ३१२ दुसऱ्या दिवशीच्या नाष्ट्याचीही वाट लावते. इन्शुलिन बंद केलं तर शुगर चढीच राहील, पोट आणखी थंडावेल, आणि उलट्या लागल्या तर केस दवाखान्यात भरती करायची होईल.

डॉक्टरांना विचारायचं ते हे: इंजेक्शन जेवणाआधी घ्यायचं की जेवल्यावर? एकदम की दोन भागांत? मिश्र इन्शुलिन (लवकर आणि सावकाश काम करणारं एकत्र) असेल तर ते बदलून वेगळं द्यायचं का? आणि ज्या दिवशी जेवण पोटात ठरत नाही त्या दिवशी किती युनिट घ्यायचे? हे त्यांच्याकडून कागदावर लिहून घ्या. तोंडी सांगितलेलं रात्री तीनला आठवत नाही. परवडत असेल तर दंडावर लावायचा शुगरचा सेन्सर चौदा दिवस लावून बघा, सगळा आलेखच हातात येतो. नाही जमलं तर दोनशे पानी वही आणि मशीन पुरे. जेवणाची वेळ, काय खाल्लं, किती युनिट, जेवणाआधीची शुगर, दोन तासांनी, चार तासांनी, आणि निदान तीन रात्री पहाटे तीनची. दोन आठवड्यांची अशी वही समोर ठेवली की कुठल्याही डॉक्टरला पोटाचा विचार करावाच लागतो. १९५८ साली कॅसँडर नावाच्या डॉक्टरांनी या आजाराला हे नाव दिलं, तेव्हा त्यांच्या लेखाचा विषयच मुळी असे मधुमेही होते ज्यांची पोटाची काही तक्रार नव्हती. अन्न आत साठत होतं आणि माणसाला पत्ता नव्हता. आजही अनेकांच्या बाबतीत शुगरची ही उलटसुलट उडी हीच पहिली खूण असते.

शुगर उतरते तेव्हा तुम्ही काय देता ते लिहिलं नाहीत. कोल्हापुरात हाताशी येतो तो पेढा, बिस्किट, नाहीतर गुळाचा खडा. पेढ्यात तूप आणि खवा, बिस्किटात तूप आणि मैदा. हे आधीच मंद असलेल्या पोटात जाऊन बसतं, आणि माणूस थरथरत राहतो. तीन चमचे साखर किंवा ग्लुकोज पावडर अर्धा कप पाण्यात विरघळवून द्या. गूळही चालेल, पण पाण्यात पूर्ण विरघळवून. पंधरा मिनिटांनी पुन्हा मशीन लावा, ७० च्या वर नसेल तर तेवढंच पुन्हा द्या. गुंगी आली असेल, गिळता येत नसेल तर तोंडात काहीही घालू नका, सरळ गाडी काढा. आणि घाम आला, मळमळलं, पण मशीनवर शुगर चांगली आहे, असं झालं तर पोटाचा विचार बाजूला ठेवून लगेच ईसीजी काढा. जुन्या मधुमेहात हार्ट ॲटॅक छातीत न दुखता नुसता मळमळीच्या रूपाने येऊ शकतो. «पित्त झालंय» म्हणत सोडा पीत घरी बसलेली माणसं मी पाहिली आहेत, म्हणून हे सांगते.

तपासण्यांमध्ये आधी दुर्बीण, म्हणजे एंडोस्कोपी. पोट हळू चालतंय असं म्हणायच्या आधी वाट अडलेली नाही ना ते बघावं लागतं. अल्सरमुळे दार आक्रसलेलं असतं, क्वचित गाठ असते. तेव्हा दुर्बिणीला नाही म्हणू देऊ नका. मालकांच्या वयात आणि भूक गेलेली असताना ती टाळण्यासारखी नाही. नुसत्या सोनोग्राफीवर भागत नाही. सोबत थायरॉइड, किडनीसाठी क्रिएटिनिन आणि बी-१२. मेटफॉर्मिन ही शुगरची गोळी वर्षानुवर्षं घेणाऱ्यांचं बी-१२ उतरू शकतं, आणि त्यानेही नसा बिघडतात.

वाट मोकळी निघाली तर पक्की तपासणी वेगळी असते. न्यूक्लिअर मेडिसिनची सोय असते तिथे अतिशय थोडं किरणोत्सर्गी द्रव्य मिसळलेलं हलकं खाणं देतात, मूळ पद्धतीत अंड्याचा पांढरा भाग आणि ब्रेड, आपल्याकडे काही ठिकाणी इडली. मग चार तास थोड्या थोड्या वेळाने पोटाचे फोटो घेतात. चार तासांनी दहा टक्क्यांहून जास्त अन्न जठरात उरलं असेल तर पोट मंद आहे. त्या दिवशी शुगर फार चढलेली नको आणि पोटाला गती देणाऱ्या गोळ्या दोन-तीन दिवस आधी थांबवाव्या लागतात, नाहीतर निकाल खोटा येतो. काय थांबवायचं ते डॉक्टरांना विचारूनच.

आता ती रिकाम्या पोटीची कॅप्सूल. मला तुमच्या पत्रातली सगळ्यात काळजीची ओळ हीच वाटली. दीड वर्ष! तिचं पाकीट उलटं करून बारीक अक्षरं वाचा. नुसतं पँटोप्राझोल किंवा रॅबेप्राझोल असेल तर ते ॲसिडचं औषध. पण बहुधा त्याला जोडून डॉमपेरिडोन किंवा लेव्होसल्पिराइड असतं. ही पोटाला गती देणारी औषधं आहेत, कामाची आहेत, पण पेपरमिंटसारखी खायची नाहीत. डॉमपेरिडोनने काहींच्या हृदयाचे ठोके बिघडतात, म्हणून आधी ईसीजी बघावा लागतो, आणि काही अँटिबायोटिक आणि बुरशीच्या गोळ्यांबरोबर ते चालत नाही. लेव्होसल्पिराइड महिनोन्‌महिने घेतल्यावर काहींना कंपवातासारखं होतं: बसल्या जागी हात हलतो, चाल आखडते, चेहरा कोरा पडतो. मालकांची शुगर चांगली असतानाही बोटं थरथरतात का, सही बारीक होत चाललीय का, तेवढं बघा. मेटोक्लोप्रमाइड हे आणखी एक जुनं औषध, तेही बारा आठवड्यांपलीकडे देऊ नये असा इशारा आहे. तेव्हा कॅप्सूल घेऊन डॉक्टरांकडे जा आणि «हे मी दीड वर्ष घेतोय» हे त्यांना स्वतःच्या तोंडाने सांगू द्या. औषधं बरीच आहेत, अगदी शेवटी जठराचं दार दुर्बिणीतून सैल करण्याची शस्त्रक्रियाही आहे. पण कुणाला काय, कधी आणि किती दिवस, हे ईसीजी आणि वही बघून ठरतं, मेडिकलच्या काउंटरवर नव्हे.

पोट मंद करणाऱ्या गोष्टीही घरात असतात. वजन आणि शुगर दोन्ही उतरवणारी ती आठवड्याची इंजेक्शनं, सेमाग्लुटाइड किंवा ड्युलाग्लुटाइड, यांच्या कामाचा एक भागच पोट हळू करण्याचा असतो. चालू असतील तर सांगा. पोटात कळ आली म्हणून घेतलेली डायसायक्लोमिन, गुडघ्यासाठी ट्रॅमाडॉल, दोन्ही तसंच करतात. सोड्याने आधीच फुगलेलं पोट आणखी फुगतं. आणि मावा. मालक मावा खातात की नाही हे तुम्ही लिहिलं नाहीत, पण यार्डात बसणारा माणूस आहे म्हणून विचारते. तंबाखूही पोटाला थंड करते.

«माझं कुठं चुकतंय का?» ताई, तुम्ही सगळं बरोबर केलंत, फक्त दुसऱ्या आजारासाठीचं. मोड आलेली कडधान्यं, कोशिंबीर, कोंडा, मेथी, गवार हा मधुमेहाचा उत्तम आहार आहे. पण ज्याचं पोट दळत नाही त्याला हेच जड जातं. धागे, सालं आणि बिया जठरात गोळा होतात, कधी त्यांचा घट्ट लगदा बनतो आणि तो दुर्बिणीने फोडून काढावा लागतो. तर आता काही काळ तुमचा नियम उलटा: चोथा कमी, तेल-तूप कमी, घास बारीक, आणि एका वेळी थोडं. जे काम चरकाने करायचं ते आता तुमच्या मिक्सरने करायचं. स्वीडनमध्ये अशा रुग्णांना अगदी बारीक कुस्करता येईल असं अन्न देऊन पाहिलं, त्यात मळमळ आणि उलट्या कमी झाल्या. आपल्याला ते नवीन नाही. म्हाताऱ्या माणसाला आपण भाकरी आमटीत कुस्करूनच देतो.

तीन जेवणांऐवजी सहा छोटी खाणी करा, प्रत्येक वाटी-दीड वाटी. सकाळी पोट त्यातल्या त्यात चालतं, म्हणून घट्ट खाणं सकाळी आणि दुपारी, रात्री पातळ. मुगाच्या डाळीची मऊ खिचडी, घोटलेलं वरण आणि आसट भात, नाचणीची गाळलेली आंबील, इडली सांबारात मोडून (सांबारातली शेवग्याची शेंग काढून). भाज्यांत दुधी, लाल भोपळा, साल काढून शिजवून घोटलेला दोडका. गवार, मेथीच्या काड्या, कोबी, कच्चा कांदा, पेरू, अंजीर, संत्र्याच्या सालपटासकट फोडी, शेंगदाणे आणि सुकं खोबरं सध्या नको. एकादशीच्या खिचडीबद्दल वेगळं सांगायला नको, वर सांगितलेली शिक्षिका आठवा. मऊ भात लवकर रक्तात उतरतो हे खरं, म्हणूनच वाटी लहान आणि इन्शुलिन त्याच्याशी जुळवलेलं. किडनीचा रिपोर्ट बिघडलेला असेल तर डाळ किती ते आधी विचारा.

मटणाचं काय, हे तुम्ही विचारलं नाहीत, पण कोल्हापुरात ते न लिहिता सदर छापलं तर संपादकच विचारतील. सुकं मटण नको. तांबड्या रश्श्यावरची तर्री नको, पांढऱ्यात नारळाचं दूध आहे म्हणून तोही जड. मात्र अळणी द्या. मटण शिजवलेलं ते पाणी गाळून रात्रभर फ्रिजमध्ये ठेवा, सकाळी वर चरबीची पांढरी पापडी धरलेली दिसेल, पातेल्याच्या कडेने चमचा फिरवला की ती अख्खी उचलून येते. खालचं पाणी गरम करून, थोडं मीठ आणि आल्याचा रस घालून वाटीभर द्या. मालकांना वाटेल रविवार आहे, पोटाला कळणारही नाही. चिकनचा बारीक खिमा, उकडलेलं अंडं कुस्करून, काटे काढलेला मासा, हेही चालतं. गंगावेशीच्या दूध कट्ट्यावर उभं राहून धारोष्ण म्हशीचं दूध प्यायची सवय असेल तर ती आता बंद. म्हशीच्या दुधात सहा-सात टक्के स्निग्धांश असतो. घरी साय काढलेलं दूध अर्धा कप, तेही तापवून.

जेवल्यावर आडवं पडायचं नाही, निदान दोन तास. रंकाळ्यावर वीस मिनिटं सावकाश चाला, पण मशीन आणि साखरेचं पाकीट खिशात ठेवून, कारण तीच त्यांची शुगर उतरायची वेळ आहे.

आता थोडं तुमच्या दोघांबद्दल. व्हेगस बिघडली की तिच्या भावंडांपैकी आणखी नसाही बिघडलेल्या असतात, आणि पुरुष ते बायकोला सांगत नाहीत. उठून उभं राहिल्यावर डोळ्यांपुढे अंधारी येते का, लघवी पूर्ण होत नाही असं वाटतं का, आठ दिवस बद्धकोष्ठ आणि मग एखाद्या रात्री अचानक जुलाब असं होतं का, कधी कपडे खराब झाले का, हे डॉक्टरांनी विचारायला हवं. त्यांनी विचारलं नाही तर मालकांनी सांगायला हवं. त्यासाठी तपासणीच्या खोलीत दहा मिनिटं त्यांना एकटं राहू द्या. आणि नवरा-बायकोतली जवळीक अलीकडे कमी झाली असेल तर त्याचाही राग किंवा संशय मनात धरू नका. त्यामागेही बऱ्याचदा हीच खराब झालेली नस असते, आणि त्यावर इलाज आहेत.

दुसरं, «खा की अजून थोडं» हे वाक्य काही दिवस स्वयंपाकघरातून हद्दपार करा. तालमीत वाढलेल्या माणसाला चार भाकऱ्या म्हणजे नुसतं जेवण नसतं. त्याचं ताट लहान झालं की तो स्वतःलाच लहान झाल्यासारखा वाटतो, आणि ते कबूल करण्यापेक्षा «पित्त आहे» म्हणणं सोपं. छोट्या ताटलीत वाढा. सासूबाईंशी वाद घालू नका. मीठ-मोहऱ्या ओवाळायला दोन मिनिटं लागतात, त्यांना ओवाळू द्या, आणि त्याच संध्याकाळची डॉक्टरांची वेळ घ्या. बिघडलेली नस पूर्ववत होईल असं मी सांगणार नाही, बहुतेकदा होत नाही. पण शुगरचे हेलकावे थांबले, घास बारीक झाला आणि औषध योग्य मिळालं की उलट्या थांबलेली, पुन्हा दुकानात बसणारी माणसं माझ्याकडे आहेत. त्या शिक्षिका निवृत्त होईपर्यंत शाळेत जात होत्या.

पाणीसुद्धा सहा-आठ तास पोटात ठरत नसेल, उलटीत रक्त किंवा कॉफीच्या गाळासारखं काळपट दिसलं, शौचाला डांबरासारखी काळी झाली, पोटात सहन न होणारी कळ आली, श्वास जोरजोरात चालू लागला किंवा माणूस झोपाळू झाला, तर वही, आहार, माझं हे पत्र सगळं राहू द्या आणि सीपीआरच्या (आपल्या कोल्हापूरच्या सरकारी रुग्णालयाच्या) अपघात विभागात किंवा जवळच्या मोठ्या दवाखान्यात न्या. गेल्या गेल्या «शुगर आहे, इन्शुलिनवर आहेत, उलट्या थांबत नाहीत» ही तीन वाक्यं सांगा.

राहिली मिसळ. सध्या, म्हणजे तपासण्या होऊन औषध लागू पडेपर्यंत, बंद. नंतर महिन्यातून एखाद्या रविवारी त्यांना मित्रांबरोबर जरूर जाऊ द्या, कारण तिथे ते मिसळीपेक्षा गप्पांना जातात. पातळ रस्सा मागवायचा, वरचा कट चमच्याने काढून टाकायचा, कडा काढलेला एक ब्रेड त्यात पूर्ण भिजवून चमच्याने खायचा. फरसाण नको, कांदा नको. मटकी शेजारच्या मित्राच्या वाटीत.